भुसावळ-जळगावातल्या बेघर माजी सैनिकांची एचआयव्ही तपासणी: रात्रीचं शिबिर कसं बसवावं?

जंक्शन_भुसावळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भुसावळ स्टेशनबाहेर, जळगावच्या बसस्थानकाच्या आसपास आणि महामार्गालगतच्या ढाब्यांमागे जे लोक उघड्यावर झोपतात, त्यांना आमचा गट रात्री जेवण देतो. त्यांत काही जण फौजेत होतो असं सांगतात. वय पन्नाशीच्या पुढे, घरच्यांशी संबंध तुटलेले, बहुतेकांना दारूचं व्यसन. १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन आणि ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन यांच्या मधल्या आठवड्यात त्यांच्यासाठी आणि शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांसाठीच एचआयव्हीची तपासणी ठेवायचा विचार आहे.

विचारायचं ते असं. किट कुठून मिळतात? बोट टोचून तिथल्या तिथे निकाल देता येतो का? कोणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला तर रात्री दहा वाजता त्याला कुठे न्यायचं? फौजी असल्याचा पुरावा मागायचा का? शिवाय अमेरिकेत माजी सैनिकांच्या तपासणीसाठी लेखी संमतीची अट काढून टाकली असं वाचलं. मग आपणही तोंडी विचारून पुढे गेलं तर चालेल का?

---

समुपदेशन_जळगाव

जंक्शनदादा, आधी संमतीचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक आरोग्यखात्यात २००९ पर्यंत लेखी संमती लागायची. ती अट गेली, पण संमती गेली नाही, ती तोंडी झाली. आणि तिथे माणूस दवाखान्यात स्वतःहून आलेला असतो, फाईल असते, डॉक्टर ओळखीचा असतो. आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि चाचणीच्या आधीचं व नंतरचं समुपदेशन त्या संमतीचाच भाग आहे. म्हणून संमती कागदावर घ्या. अंगठा घेत असाल तर साक्षीदार तुमच्या पथकातला हवा. शेजारच्या गोधडीवरचा माणूस साक्षीदार म्हणून बोलावला की गुप्तता तिथेच संपली.

प्यायलेल्या माणसाची चाचणी करू नका. तो "घ्या घ्या" म्हणत बोट पुढे करेल, पण ती संमती नव्हे. उद्या सकाळी या म्हणा आणि जेवण द्या. जेवण चाचणीच्या आधी, सगळ्यांना आणि बिनशर्त. ताट नंतर दिलंत तर भुकेला माणूस ताटासाठी बोट टोचून घेतो. पोलीस किंवा रेल्वे सुरक्षा दलाचे जवान शेजारी उभे असले तरी तसंच होतं. स्टेशनच्या हद्दीत बसायचं असेल तर रेल्वे प्रशासनाची लेखी परवानगी आधीच काढा, म्हणजे ऐन वेळी गणवेश मध्ये येत नाही.

किट मेडिकलमधून आणू नका. जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक, म्हणजे आपलं 'डापकू', सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात चौकशी केली की सापडतं. त्यांना किमान तीन आठवडे आधी पत्र द्या: जागा, तारीख, अंदाजे संख्या, बोट टोचणारा प्रशिक्षित माणूस कोण. डापकूमार्फत आलात तर किट, समुपदेशक आणि पुढची वाट तिन्ही एकदम मिळतात. परस्पर शिबिर घेतलं की नुसते आकडे हाती राहतात आणि माणसं निसटतात.

बोलण्याची एक गोष्ट. "एचआयव्ही चाचणी करायची आहे" हे पहिलं वाक्य असू नये आणि बॅनरवरही ते नको. साधं 'आरोग्य तपासणी' लिहा, त्यात बीपी, साखर, खोकल्याची विचारपूस आणि एचआयव्ही. पण आत बसल्यावर एचआयव्हीचं नाव स्पष्ट घ्या, लपवू नका. अहिराणी बोलणारा असेल तर अहिराणीतच सांगा: "बोटमाईन रगतना एकच थेंब लेसूत, कोनले सांगाव नही." सातपुड्याकडून आलेल्या पावरा-भिल्ल माणसासाठी त्यांच्यातलाच दुभाषा शोधा. नुसतं हिंदी रेटलं की तो प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतो.

आणि आत बसायचा वेळ सगळ्यांना सारखा ठेवा. पडद्यामागे ज्याला जास्त वेळ लागला, त्याला "निघालं" हे बाहेर बसलेले लगेच ओळखतात. म्हणून निकालानंतर प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला आणि प्रत्येकाच्या हातात सिव्हिलमध्ये जायची एकसारखीच चिठ्ठी द्या. मग कोणाच्या चिठ्ठीवरून काही कळत नाही.

---

लॅबवाला_धुळे

ताईंनी वरचं सगळं सांगितलं, मी फक्त चाचणीच्या पट्टीबद्दल बोलतो. शिबिरात जी चाचणी होते ती फक्त छाननी आहे. एका पट्टीवर कोणालाही 'पॉझिटिव्ह' म्हणायचं नाही. शब्द वापरायचा 'रिॲक्टिव्ह', आणि वाक्य म्हणायचं, "आणखी तपासण्या लागतील, उद्या आपण सोबत जाऊ." पक्का निकाल एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, शिरेतून रक्त घेऊन वेगवेगळ्या तीन किटवर तपासल्यावरच मिळतो.

हे का, ते आकड्यांत बघा. समजा १००० लोक तपासले आणि त्यांत खरे बाधित ५ आहेत. किट निरोगी माणसांपैकी ९९.५ टक्के जणांना बरोबर 'नाही' सांगतं असं धरलं तरी उरलेल्या ९९५ पैकी साधारण ५ जणांना ते चुकून 'आहे' दाखवेल. म्हणजे रिॲक्टिव्ह आलेल्या दहांपैकी पाच जण निरोगी. त्यातल्या एखाद्याला रात्री दहा वाजता, दारूच्या उतारात, "तुला एड्स आहे" असं सांगितलं तर तो सकाळपर्यंत काय करून घेईल याचा विचार करा.

आता हाताचं काम. डिसेंबरात आपल्याकडे रात्री थंडी चांगलीच असते. गार बोटातून रक्त येत नाही, मग माणसं बोट पिळतात. जोरात पिळलं की पेशींमधलं पाणी मिसळतं आणि थेंब पातळ होतो. आधी हात कोमट पाण्यात धुवायला लावा किंवा चहाचा कप दोन मिनिटं हातात धरू द्या. मधलं किंवा अनामिकेचं बोट घ्या, टोचायचं पेराच्या बाजूला, मधोमध नाही. हमाली केलेल्या हातांची कातडी जाड असते, तिथे साखर तपासायची बारीक लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई, आत जातच नाही. जास्त खोल जाणाऱ्या लॅन्सेट वेगळ्या मागवा. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर ते पूर्ण वाळू द्या. ओल्यावर टोचलं तर थेंब पसरतो आणि पेशी फुटतात. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका, दुसरा घ्या, तोही किटसोबतच्या पिपेटच्या खुणेपर्यंतच. जास्त रक्त टाकलं तर खिडकी लालभडक होते आणि रेष वाचता येत नाही.

पाकीट चाचणीच्या क्षणीच फोडा. आधी दहा पाकिटं फोडून मांडून ठेवली की पट्टीला हवेतली ओल लागते. एका डब्यातलं बफर, म्हणजे पट्टीवर टाकायचं द्रावण, दुसऱ्या डब्याच्या पट्टीला वापरू नका, बॅच वेगळी असते. पट्टी सपाट जागेवर हवी, गोणपाटावर किंवा मांडीवर नको. वेळ लावताना मोबाईलचा गजर लावा आणि किटच्या कागदावर जितकी मिनिटं लिहिली आहेत तितक्यातच वाचा. उशिरा वाचलं तर वाळताना उमटलेल्या करड्या रेषेला लोक रिॲक्टिव्ह समजतात.

रात्रीच्या शिबिरात सगळ्यात मोठी चूक उजेडाची होते. स्टेशनबाहेरच्या पिवळ्या दिव्याखाली फिकट गुलाबी रेष दिसतच नाही. पांढरा एलईडी दिवा सोबत न्या, आणि दोघांनी एकमेकांना न सांगता वाचून आपापलं लिहायचं. रेष कितीही फिकट असली तरी ती रिॲक्टिव्ह. कंट्रोलची रेष, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेष, आली नाही तर चाचणी बाद, नवीन पट्टी, नवीन टोच.

वापरलेल्या लॅन्सेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, आणि तो पाऊण भरला की बंद करायचा. टोपण परत बसवायला जायचं नाही. सांडलेल्या रक्तासाठी एक टक्का हायपोक्लोराइटचं जंतुनाशक रोज ताजं बनवा, काल बनवलेलं ओतून द्या. कचरा नगरपालिकेच्या घंटागाडीत जाता कामा नये. तो ज्या केंद्राशी जोडलेले आहात त्याच्या जैववैद्यकीय कचऱ्यातच परत आणायचा, आणि कुठली वस्तू कुठल्या पिशवीत ते तिथल्या टेक्निशियनकडून आधी लिहून घ्या.

संख्येचं म्हणाल तर दोन समुपदेशक, एक टोचणारा आणि एक नोंद ठेवणारा अशा चौघांकडून तीन तासांत वीस-बावीस चाचण्या नीट होतात. तीस पट्ट्या न्या. पन्नास करायला गेलात तर बोलण्याचा वेळच कापला जातो.

---

वाट_तापीकाठची

मी रात्रीच्या शिबिराशीच सहमत नाही, आणि का ते सांगते. रात्री दहाला पट्टी रिॲक्टिव्ह आली, आयसीटीसी उघडतं सकाळी नऊला. मधल्या अकरा तासांत तो माणूस बडनेऱ्याला किंवा इटारसीला जाणाऱ्या गाडीत बसलेला असतो. भुसावळ जंक्शन आहे, एकीकडे मुंबई, दुसरीकडे नागपूर, तिसरीकडे दिल्लीची वाट. त्याला निघून जायला काहीच लागत नाही.

म्हणून रात्री फक्त जेवण, ओळख आणि टोकन. तपासणी पहाटे साडेपाच ते आठ. त्या वेळी माणूस शुद्धीत असतो, दारू उतरलेली असते, अजून कामाला किंवा भीक मागायला गेलेला नसतो. रिॲक्टिव्ह आला की चहा-नाश्ता करून त्याच्यासोबत लगेच रिक्षात बसायचं आणि दार उघडताना आयसीटीसीच्या बाकावर पहिला नंबर लावायचा. रिक्षाचं भाडं, नाश्ता आणि दिवसभर सोबत राहणारा एक माणूस यांची तरतूद शिबिराच्या खर्चात आधीच धरा. नुसती चिठ्ठी देऊन पाठवलेला माणूस पोचत नाही. केसपेपरच्या खिडकीशी कोणी "पत्ता सांगा" म्हणालं की तो तिथूनच मागे फिरतो.

शनिवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी शिबिर कधीच नको, कितीही कार्यकर्ते मोकळे असले तरी. आणि रात्रीच घ्यायचं ठरलं तर रिॲक्टिव्ह माणसाला त्या रात्री शहरी बेघर निवाऱ्यात खाट मिळेल एवढं व्यवस्थापकाशी बोलून ठेवा. कारण सांगायचं नाही, 'तब्येत बरी नाही' एवढंच.

आणखी एक प्रश्न चाचणीच्या आधी प्रत्येकाला विचारा: "आधी कधी ही तपासणी झाली आहे का? रोज रात्री एकच गोळी घ्यायला सांगितली होती का?" रिॲक्टिव्ह येणाऱ्यांत काही जण जुने रुग्ण असतात. कुठेतरी नोंद आहे, औषध सुटलेलं आहे, आणि रागावतील म्हणून सांगत नाहीत. अशांना नव्याने तपासत बसण्यात दिवस घालवू नका, जुनं एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराचं) कार्ड किंवा केंद्राचं नाव मिळालं की थेट एआरटी केंद्रात नेऊन औषध परत सुरू करायचं. "का सोडली?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचाच नाही.

---

समुपदेशन_जळगाव

तापीकाठच्या ताईंचं पहाटेचं म्हणणं मला पटलं. फक्त ढाब्यांमागची माणसं पहाटे सापडत नाहीत, ती ट्रकसोबत निघून जातात. तिथे रात्रीच जावं लागेल, आणि ट्रकचालकांसाठी काम करणारे एड्स नियंत्रणाचे प्रकल्प महामार्गावर असतील तर त्यांना सोबत घ्या. डापकूला त्यांचे नंबर माहीत असतात.

पक्का पॉझिटिव्ह आला की २०१७ पासून सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कितीही असो, औषध मोफत सुरू होतं. रोज एक गोळी, तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं. पण सुरू करायच्या आधी टीबी बघतात. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, हे चार प्रश्न. एरवी दोन आठवड्यांचा खोकला धरतात, एचआयव्ही असलेल्याचा कालचा खोकलाही धरायचा. टीबी निघाला तर आधी टीबीची औषधं, आणि मेंदूचा टीबी नसेल तर दोन आठवड्यांच्या आत एआरटी. टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, म्हणून डोल्युटेग्राविरची एक जादा गोळी बारा तासांच्या अंतराने लागते. उघड्यावर राहणाऱ्यांकडून नेमकी ही जादा गोळी राहते.

गोळ्यांची बाटली ही वेगळीच अडचण आहे. लेबल कोणी ओळखेल म्हणून माणसं गोळ्या कागदाच्या पुडीत काढून ठेवतात, ओल लागते आणि त्या खराब होतात. लेबल सोलून टाका, पण बाटली तीच ठेवा, आतली ओल शोषणारी पुडी काढू नका. पिशवी चोरीला जात असेल तर बाटली निवाऱ्यात किंवा रोजच्या चहावाल्याकडे ठेवता येते का ते त्या माणसालाच विचारा. कोणावर विश्वास ठेवायचा हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आणि ॲसिडिटीची गोळी-पातळ औषध, लोह किंवा कॅल्शियम चालू असेल तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं.

---

पलटण_ते_पारोळा

फौजी असल्याच्या पुराव्याबद्दल. तपासणीसाठी मुळीच मागू नका. कोणी सीआरपीएफमध्ये असतो, कोणी राज्य राखीव दलात, कोणी होमगार्ड, आणि सगळेच स्वतःला फौजी म्हणतात. सैनिक कल्याणच्या नियमात हे 'माजी सैनिक' बसत नाहीत, पण बोट सगळ्यांचं सारखंच आहे. पुरावा मागितला की खरा फौजीसुद्धा उठून जातो, कारण कागद हरवल्याचीच त्याला लाज वाटत असते.

कागदाचं काम तपासणीनंतर, वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने करावं. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर 'आर्मी नंबर काय होता?' एवढंच विचारा. गावाचं नाव सांगताना अडखळणारा माणूस नंबर मात्र घडाघडा सांगतो. नंबर, हुद्दा आणि रेजिमेंट एवढ्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार सुरू होतो. त्यासाठी जळगाव आणि धुळ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. पेन्शन असेल तर ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, दवाखाना मिळू शकतो. पेन्शन नसेल, वय ६५ च्या वर असेल आणि हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा असेल तर केंद्रीय सैनिक मंडळाच्या पेन्युरी ग्रँटसाठी, म्हणजे हलाखीतल्यांच्या आर्थिक मदतीसाठी, अर्ज होतो. शिस्तभंगाने काढलेला असेल तर हे मिळणं कठीण, तेव्हा आधीच आशा लावू नका.

हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा: सैनिक कल्याणच्या अर्जासोबत, फोनवर किंवा बोलण्याच्या ओघात एचआयव्हीचा निकाल कधीही जाता कामा नये. जिल्हा लहान, पलटणीतली माणसं एकमेकांना ओळखतात, आणि गावात बायको-मुलं असतात. तपासणीची वही आणि कल्याणाची वही दोन वेगळ्या माणसांकडे. तपासणीच्या वहीत नाव नाही, फक्त सांकेतिक क्रमांक.

ध्वजदिनाचा समारंभ आणि ही तपासणी एकत्र करू नका. तिथे फोटो निघतात.

---

जंक्शन_भुसावळ

खूप आभार सगळ्यांचे. स्टेशन आणि बसस्थानकासाठी पहाटेची वेळ धरतो, ढाब्यांसाठी एकच रात्र, आणि दोन्हीकडे दुसऱ्या दिवशी कामाचा वार. दोन शंका राहिल्या. नॉन-रिॲक्टिव्ह आलेल्यांना काय सांगायचं? आणि आमच्याच कार्यकर्त्याला लॅन्सेट टोचली तर?

---

लॅबवाला_धुळे

लागण होऊन लगेच पट्टीवर दिसत नाही, अंगात प्रतिद्रव्यं तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून गेल्या तीन महिन्यांत जोखीम झाली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तुमची पहिली फेरी डिसेंबरात, म्हणजे दुसरी मार्चमध्ये येते, आणि तेव्हा खान्देशातलं ऊन सुरू झालेलं असतं. बहुतेक किटच्या डब्यावर २ ते ३० अंश लिहिलेलं असतं. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिकीत किट ठेवलं तर ते गेलंच म्हणून समजा, आणि खराब पट्टी ओरडून सांगत नाही, गुपचूप 'नाही' दाखवते. थंड डबा न्या, पण किट बर्फाच्या पिशवीला टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठा ठेवा. डब्यात साधा थर्मामीटर टाका आणि दर तासाला आकडा वहीत लिहा.

---

समुपदेशन_जळगाव

टोचलं तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि थेट सिव्हिलच्या अपघात विभागात जायचं. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. तेव्हा शिबिराच्या आदल्या दिवशीच अपघात विभागात जाऊन विचारून ठेवा की रात्रपाळीला ही गोळी कोणत्या कपाटात असते आणि किल्ली कोणाकडे असते. आणि १०९७ हा मोफत मदतक्रमांक त्या सगळ्या चिठ्ठ्यांच्या मागे हाताने लिहून द्या, छापलेला कागद माणसं फेकून देतात.